खरोखरचं फुकट

पन्नाशी उलटल्यावर मी मोबाईलवर जोडीदार शोधायला बसले, तेही एक रुपया न देता. यातल्या कुठल्या गोष्टीला लोक जास्त हसले ते सांगणं कठीण आहे. काही वय ऐकून हसले, काही मोबाईल ऐकून हसले, पण ‘फुकट’ म्हटल्यावर सगळेच हसले. माझी भावजय तर तोंडाला पदर लावून म्हणाली, “अवो अक्का, आता बाजारात कोथिंबीरबी फुकट देत न्हाईत, आन् तुमाला माणूस पाहिजे?”

पाहिजे होता. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

सोलापुरात माझं गणवेश शिवायचं छोटं काम आहे. घराच्या पुढच्या खोलीत मशिनी मांडल्यात, शाळांची कापडं येतात, चड्ड्या-शर्ट-पिनाफोर शिवून जातात. मदतीला माझी एक मैत्रीण असते. ती विणकरांच्या घरची, तेलुगू बोलणारी. घरचे माग बंद पडले तशी माझ्याकडे यायला लागली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्यावर हुकूम सोडायला लागली. लग्न माझं झालं होतं. मूल नाही. नवऱ्याला मी सोडलं, माझ्या पायांनी चालत बाहेर पडले, कोर्टात मी अर्ज केला, तरी गल्लीत मला ‘सोडलेली’ म्हणतात. सोडणारी म्हणा, असं मी कितीतरी जणींना सांगून बघितलं. त्यांना वाटतं मी विनोद करते.

एकटं राहायची सवय झालीय, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते खोटं होतं. मैत्रीण संध्याकाळी घरी गेली आणि मशिनी थांबल्या की मला फार वाईट वाटायचं. आज कुठल्या मुख्याध्यापकानं बाह्या पुन्हा उसवायला लावल्या, भाजीवाली माझ्याशी कशी भांडली, हे ऐकायला समोर कुणीतरी बसलेलं हवं होतं. आणि तो पुरुष हवा होता. बायकांशी बोलायला मैत्रीण होती.

फुकटच का, त्याचंही सांगते. माझ्याकडे पैसे नव्हते असं नाही. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने मला जेवायला फुरसत नसते, एवढं काम असतं. पण माझ्या पहिल्या लग्नात वडिलांनी माझ्यासाठी खूप दिलं होतं, आणि त्या दिलेल्याचा हिशेब मी त्या घरात रोज ऐकला होता. तेव्हाच मनात पक्कं झालं होतं की पुन्हा कधी कुणाचा हात धरलाच, तर त्यात कुणी कुणाला काही दिलेलं नसेल. भावानं नाही, मी नाही, आणि मधल्या दलालालाही नाही, मग तो दलाल टोपी घातलेला असो की मोबाईलमधला.

शोधायला सुरुवात केली ती मराठीतूनच. दुपारची जेवणं झाल्यावर मैत्रिणीनं माझा मोबाईल तोंडापुढे धरला आणि मी मोठ्यानं बोलले, “मोफत लग्न जोडीदार सोलापूर.” पहिलंच जे उघडलं त्यावर फोन नंबर होता. लावला. पलीकडे एक कार्यकर्ता होता, फार नम्र.

“वधूचं वय काय, काकू?”

“बावन्न.”

“तुमचं न्हाई ओ. वधूचं.”

“वधूच बोलतेय.”

मग हळूहळू उलगडा झाला की मी मोफत सामुदायिक विवाह सोहळ्याच्या मंडपात शिरले होते. तिथं लग्न फुकट होतं, मणीमंगळसूत्र फुकट, संसाराची भांडी फुकट, वऱ्हाडाचं जेवणसुद्धा फुकट. फक्त नवरा घरून आणायचा होता. तो बिचारा म्हणाला, “काकू, आमचं डोळे तपासायचं मोफत शिबीरबी हाय. त्यात नाव घालू का?” मैत्रीण हसता हसता कापडाच्या ढिगावर आडवी झाली. मी त्याला सांगितलं, डोळे चांगले आहेत, म्हणूनच नीट बघून घ्यायचं म्हणतेय.

त्यानंतर मी इंग्रजी अक्षरांत शोधायला लागले आणि खऱ्या बाजारात पोहोचले. सगळ्या दुकानांवर ‘फ्री’ची पाटी होती. नाव घालायचं फ्री, फोटो टाकायचा फ्री. मग टिंग वाजायचं आणि कळायचं की तुम्हाला कुणीतरी पसंत केलंय. कुणी? ते धुकं घातल्यासारखं दिसायचं. फक्त कानाचा आकार आणि शर्टाचा रंग कळायचा. धुकं पुसायचं असेल तर सिल्व्हर घ्या, बोलायचं असेल तर गोल्ड घ्या, आणि उत्तर हमखास हवं असेल तर प्लॅटिनम. मी मैत्रिणीला म्हटलं, बघ, इथंसुद्धा सोन्याचीच बोलणी.

एका ठिकाणी आठवडाभर सगळं फुकट होतं, पण त्याआधी बँकेच्या कार्डाचा नंबर पाहिजे होता. फुकट द्यायचं आहे तर नंबर कशाला, असं मी त्यांच्या मदतीच्या खिडकीत मराठीत विचारलं. उत्तर आलं, ‘आपला दिवस शुभ असो.’ मी ते काढून टाकलं.

मग एक असं सापडलं की मैत्रीण आनंदानं ओरडलीच. “ताई, हे बघा की! बायकांना फुकट! पैसे निसतं पुरुषांना!” तिला वाटलं, मी पेढे आणायला सांगेन. माझं डोकंच फिरलं. ज्या दुकानात एकाला आत यायला पैसे पडतात आणि दुसरीला पडत नाहीत, तिथं विकायला कोण ठेवलंय हे कळायला फार शिक्षण लागत नाही. ती म्हणाली, “तुमी लई इच्चार करता.” मी म्हटलं, करते. पहिल्या वेळी केला नव्हता.

असं महिनाभर चाललं असेल. शेवटी सापडलं ते दिसायला अगदीच ओबडधोबड होतं. जुनाट निळा रंग, वर-खाली-मध्ये जाहिराती, त्याही बहुतेक गुडघ्याच्या तेलाच्या. पण फोटो स्वच्छ दिसत होते, निरोप जात होते, येत होते, आणि कुठंच सोनं-चांदी आडवं येत नव्हतं. मी सगळीकडे दाबून बघितलं. खरोखरचं फुकट होतं. तेल विकून त्यांचं भागत असेल तर भागो बापडं.

फोटो टाकला तो मशिनीवर बसलेला, गळ्यात टेप, केस पांढरे. खाली लिहिलं: ‘घटस्फोट मी घेतला. काम करते. राग येतो. देणंघेणं करणार नाही.’ मैत्रीण म्हणाली, एवढं वाचून कोण येणार? आले की. पण बहुतेक कुठल्यातरी यंत्रानं लिहिल्यासारखे. ‘नमस्कार प्रिय, तुझे स्मित माझे हृदय आहे.’ एक जण तेलविहिरीवरचा इंजिनिअर होता, एक जण लष्करातला डॉक्टर. दोघांचंही मराठी सारखंच गंजलेलं आणि दोघांनाही माझा व्हॉट्सअॅप नंबर लगेच हवा होता. मी त्यांना कपड्यांची मापं पाठवायला सांगितली. दोघंही पळाले.

आणि मग एका दुपारी नुसते दोन शब्द आले. ‘जेवलाव का?’

मी ते मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, “हे हितलंच हाय.” तेलविहिरीवरचा कुठलाही माणूस ‘जेवलाव’ लिहू शकत नाही. मी उत्तर दिलं, जेवले, तुम्ही? तो म्हणाला, जेवण केलो, आता पडलोय. झालं, ओळख झाली.

गृहस्थ सोलापूरजवळच्या होटगीचा. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, एक मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्याला फार लिहिता यायचं नाही, पण रोज लिहायचा. आज शेंगाची चटणी कांडलो. आज शेजाऱ्याची शेळी दारात येऊन बसली, उठवलो नाही. मी त्याला मुख्याध्यापक आणि बाह्यांची गोष्ट सांगितली, तर त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, मग त्या बाह्यांचं काय झालं? त्या प्रश्नावर मी भाळले. सरळ सांगते, भाळले. फोटोतला त्याचा चेहरा मला बरा वाटला होता, पण माझ्या बाह्यांची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

भेटायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, मी घरी येतो, तुमच्या भावालाही बोलवा. म्हणजे पुन्हा मी पोहे घेऊन बाहेर येणार आणि चार माणसं माझ्याकडे बघणार. मी म्हटलं, नाही. या वेळी बघायला मी येणार. सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉटेलात या.

हॉटेलात शिरलो तर वेटरनं आम्हाला बघितलं आणि न विचारता आत नेलं, पडदा लावलेल्या फॅमिली रूमकडे. मी तिथंच थांबले. म्हटलं, आम्ही फॅमिली नाही, आणि पडद्यात बसायचं असतं तर घरात बसलो असतो. रस्त्यालगतचं टेबल दे. तो गृहस्थ जरा गडबडला, पण माझ्यामागोमाग आला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. आम्ही भजी खाल्ली. तो प्रत्यक्षात फोटोपेक्षा बारीक होता आणि हसताना एक हात आपोआप तोंडावर न्यायचा. मला फार आवडला.

रस्त्यालगत बसलं की रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसतं. संध्याकाळपर्यंत भावाला कळलं होतं.

माझा भाऊ वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा टेम्पो घेऊन तोच आला होता आणि वाटेत मला एक शब्द विचारला नव्हता. तरीही या वेळी तो ओरडेल अशी माझी तयारी होती, पण तो ओरडला नाही. चहा प्याला आणि म्हणाला, “अक्का, करायचंच हाय तर रीतीनं करू. असं रस्त्यावर नको.” मी म्हटलं, रस्त्यावर काही केलेलं नाही, भजी खाल्ली. तो हसला, त्यानं गृहस्थाचं नावगाव विचारून घेतलं आणि गेला. मला वाटलं, निभावलं.

चार-आठ दिवसांनी तो भरदुपारी आला. चेहरा खुललेला. मी कॉलर लावत होते, मैत्रीण काजं करत होती. “होटगीला जाऊन आलो,” तो म्हणाला. “माणूस लई चांगला हाय, अक्का. घर बगितलो. मी सरळ इचारलो, तुमची काय अपेक्षा? म्हणला, मला काय नको.”

मला इतका आनंद झाला की मशीन थांबवायचं भान राहिलं नाही.

“म्हणला, मला काय नको,” भाऊ पुढं बोलत होता, “तुमच्या बहिणीला काय द्यायचं ते तुमच्या हौसेनं द्या.”

सुई कॉलरवरून सरळ पुढं गेली. मैत्रिणीनंच हात लांबवून बटण बंद केलं.

ज्यांच्या घरात मुलींची लग्नं झालीत त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. आमच्याकडे हल्ली हुंडा कुणी मागत नाही. मागणं गुन्हा आहे, आणि वाईटही दिसतं. आमच्याकडे फक्त हौस असते. माझ्या सासऱ्यांनीही बैठकीत काही मागितलं नव्हतं. आम्हाला काही नको, मुलीला काय घालायचं ते तुमच्या हौसेनं घाला, एवढंच म्हणाले होते, हात जोडून म्हणाले होते. त्यावर वडिलांची हौस अंगठीपासून निघाली आणि कपाट, फ्रीज करत स्कूटरपर्यंत गेली. लग्नानंतरही दर दिवाळीला सासू विचारायची, यंदा माहेरच्यांना हौस नाही वाटतं?

भावाला मी म्हटलं, जा. तो म्हणाला, “अगं, काय मागितला न्हाय त्यानं!” मी म्हटलं, तेच. आता जा.

त्या गृहस्थाला मी निरोप पाठवला: उद्या अकरा वाजता, तेच हॉटेल. त्यानं विचारलं, काय झालं? मी उत्तर दिलं नाही. मैत्रिणीनं माझी समजूत घालायचा प्रयत्न केला. एवढ्या साध्या बोलण्यावरून हातचं घालवू नका म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. या माणसानं मला ऐकायची आणि सांगायची सवय लावली होती, आणि ती सुटली तर संध्याकाळी पुन्हा तेच होणार होतं, फक्त आता ते मला आधीपेक्षा जास्त जड गेलं असतं. पण स्वस्तात सुटतेय म्हणून मी पुन्हा त्याच बैठकीत बसणार नव्हते. एकटी मेले असते तरी चाललं असतं.

तो माझ्या आधी येऊन रस्त्यालगतच्याच टेबलावर बसला होता. मी बसल्याबसल्या विचारलं, “माझ्या भावाला तुम्ही काय म्हणालात?”

“मला काय नको म्हणलो.”

“त्याच्यापुढे काय म्हणालात?”

तो आठवायला लागला. त्याला खरंच आठवेना, ते मला दिसत होतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, “आवो, ती बोलायची पद्धत हाय. तसंच म्हणत्यात की.”

“हो. तसंच म्हणतात. मलाही तसंच म्हटलं होतं.”

“एवढ्यावरून तुमी…”

“एवढ्यावरूनच,” मी म्हटलं. आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची माणसं वडा खायची थांबली. “मी लिहिलं होतं, देणंघेणं करणार नाही. तुम्ही वाचून आलात. तिथं असं लिहिलं नव्हतं की हौस असेल तर चालेल.”

पर्स उचलून मी उठले. त्यानं अडवलं नाही. मी दारापर्यंत गेले असेन तेव्हा मागून म्हणाला, “माझ्या पोरीच्या लग्नात मलाबी असंच म्हणाले ओ. हौसेनं द्या.”

मी वळले.

“दिलो मी,” तो म्हणाला. “सगळा फंड काढून दिलो. रडलो न्हाई त्या टायमाला. आन् आता मीच तसं बोलून बसलो. तोंडात बसलंय ते. मला कळलंबी न्हाई.” त्याचा हात तोंडावर गेला, पण तो हसत नव्हता.

मी परत जाऊन बसले. माफी मागा असं मी म्हटलं नाही. त्याला काय वाटतंय ते दिसत होतं, आणि वाटून भागणार नव्हतं. जे बोललं गेलं होतं ते भावाच्या घरापर्यंत पोचलं होतं. तेवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला, भावाला लावला, आणि स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून तो नेहमी लावतो तसा स्पीकरवर लावला. भर हॉटेलात.

“हां, मी होटगीवरनं… म्हंजे होटगीचा. परवा बोललो ते चुकलं माझं. मला काय नको. तुमच्या हौसेनंबी नको. अंगठी नको, कापडं नको, काय म्हंजे काय नको.”

पलीकडं भाऊ गोंधळला. “असं कसं ओ, पावणं? आमाला बी समाजात ऱ्हायचंय. लोक म्हणतील, भावानं बहीण तशीच दिली.”

गृहस्थ माझ्याकडं बघायला लागला. याचं उत्तर द्यायचं काम त्याचं नव्हतंच. मी मोबाईल हातात घेतला.

“मी बोलतेय,” मी म्हटलं. “लोकांना सांग, भावानं बहीण दिलेलीच नाही. एकदा दिली होती वडिलांनी, सगळ्या थाटामाटात. या वेळी मला कुणी देत नाहीये. मी चाललेय.”

वेटर बशा घेऊन तसाच उभा होता. फोनमधून भावाच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, मग भावजयीचा आवाज, कोण आहे म्हणून विचारणारा. भाऊ म्हणाला, “बरं.” आणि फोन ठेवला.

ते ‘बरं’ होकाराचं होतं की रागाचं, मला अजून कळलेलं नाही. मी विचारायला गेलेले नाही.